आकाशातून फुकट येतंय, तर 27 किलोमीटरचा बोगदा कशाला?

चोपड्याहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं विचारलंय: "सर, एलएचसीतल्या कणांपेक्षा कोट्यवधी पट ऊर्जेचे कण आकाशातून पृथ्वीवर आदळतात असं वाचलं. मग एवढा खर्च करून जमिनीखाली यंत्र कशाला बांधलं? आणि आमच्या प्रयोगशाळेत धड ऑसिलोस्कोप नाही, तरी खान्देशात राहून मला यातलं काही करता येईल का?"

माझी नोकरीची तीसेक वर्षं गॅमा किरणांच्या दुर्बिणी आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) मोजणारी यंत्रं यांच्यात गेली. म्हणजे मी आकाशवाल्यांच्या बाजूचा माणूस. तरी सांगतो, एलएचसीचा, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्राचा, बोगदा लागतोच. का, ते आकडे मांडूनच बघू.

तू वाचलंस ते खरं आहे. 27 मे 2021 रोजी अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात पसरलेल्या 'टेलिस्कोप अॅरे'नं एक कण टिपला. जपानी सूर्यदेवतेवरून त्याचं नाव ठेवलं 'अमातेरासु'. त्याची ऊर्जा सुमारे 24 कोटी टीईव्ही, म्हणजे टेरा-इलेक्ट्रॉन व्होल्ट. जूलमध्ये चाळीसच्या आसपास. किलोभराचा दगड धाब्याच्या घरावरून, चारेक मीटरवरून, खाली पडला की जमिनीला जेवढा दणका बसेल तेवढी ऊर्जा, आणि ती एका अणूहूनही बारीक कणात. 1991च्या ऑक्टोबरात त्याच राज्यात याहून थोडा मोठा एक कण दिसला होता. एलएचसीतल्या प्रोटॉनची ऊर्जा 6.8 टीईव्ही. भागाकार केलास तर अमातेरासु साडेतीन कोटी पट भरतो.

बहुतेक लेख इथे थांबतात आणि वाचणाऱ्याचा गैरसमज पक्का होतो.

गोट्या खेळली असशील. रिंगणात पडलेल्या गोटीला नेम मारला की दोन्ही गोट्या पुढे घरंगळतात. मारणाऱ्या गोटीचा जोर टकरीत सगळा खर्च होत नाही, बराचसा त्या पुढे घरंगळण्यात जातो. तो जाणारच, कारण संवेग टिकवावा लागतो. दोन गोट्या सारख्याच वेगानं समोरासमोर येऊन आदळल्या तर एकूण संवेग शून्य, आणि सगळा जोर टकरीच्या वाट्याला. प्रकाशाच्या वेगाजवळ हा फरक थोडाथोडका राहत नाही. आकाशातला कण हवेतल्या स्थिर अणुकेंद्रावर आदळतो, तेव्हा नवे कण घडवायला जी ऊर्जा उरते ती त्याच्या ऊर्जेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ऊर्जा शंभर पट केली तर टकरीला मिळणार फक्त दहा पट. अमातेरासु प्रोटॉन होता असं धरून हिशोब केला तर 24 कोटी टीईव्हीपैकी टकरीच्या हाती येतात 680 च्या आसपास. एलएचसीत दोन्ही प्रोटॉन समोरासमोर येतात, म्हणून तिथे सरळ 13.6. साडेतीन कोटी पटीचे झाले पन्नास पट.

त्यातही मेख आहे. तो कण प्रोटॉनच होता हे कुणी सांगावं? लोखंडाचं अणुकेंद्र असेल तर तीच ऊर्जा 56 जणांत वाटली गेली, आणि एकेका टकरीचे 680 चे नव्वदच राहिले. आम्हाला तो कण दिसतच नाही. तो कितीतरी किलोमीटर उंचीवर फुटतो, तुकड्यांचे तुकडे होत जातात आणि जमिनीवर पोचतो तो कोट्यवधी कणांचा सडा, मैलोन्‌मैल पसरलेला. जेवणावळ उठल्यावर पत्रावळी मोजायच्या आणि यजमान कोण होता, किती पैसेवाला होता, हे ओळखायचं, असलं हे काम. पत्रावळी मोजण्यात आम्ही तरबेज झालोय, पण यजमानाचा चेहरा काही दिसत नाही.

आता संख्येचं बघ. 10 च्या 20 व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे दहा कोटी टीईव्हीच्या, वरचे कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत फार तर एखादा येतात. जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ 11,765 चौरस किलोमीटर. म्हणजे रावेरपासून चाळीसगावपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात मोजणी यंत्रं मांडलीस, तरी वर्षाकाठी जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे. अर्जेंटिनात पिएर ओजे वेधशाळेनं हेच केलंय. 3,000 चौरस किलोमीटरच्या माळरानावर दीड-दीड किलोमीटर अंतरानं पाण्याच्या सोळाशेहून जास्त टाक्या, प्रत्येकीत 12,000 लिटर शुद्ध पाणी. कण पाण्यातून गेला की निळसर उजेडाची चुणूक उठते, ती टाकीतले डोळे टिपतात. हे सगळं करूनही सर्वांत वरच्या टोकाचे कण वर्षाला बोटांवर मोजण्याइतकेच.

एलएचसीत दर 25 नॅनोसेकंदाला प्रोटॉनांचे दोन थवे एकमेकांतून जातात. सेकंदाला शंभर कोटींच्या घरात टकरी. हिग्ज बोसॉन (इतर मूलकणांना वस्तुमान मिळण्यामागचा कण) इतका दुर्मीळ की काही अब्ज टकरींत एखादा जन्मतो, आणि जन्मला तरी स्वच्छ ओळखू येईल अशा रीतीनं फार क्वचित मोडतो. दोन गॅमा किरणांत मोडण्याचं प्रमाण हजारात दोन. हे आकाशाच्या भरवशावर करायचं ठरवलं असतं तर पोपडे धरलेल्या टाक्यांशेजारी आमच्या पाच पिढ्या बसून राहिल्या असत्या. 4 जुलै 2012 ला हिग्जची घोषणा झाली ती संख्येच्या जोरावर. शिवाय टक्कर कुठे होणार, कधी होणार, कशाची कशाशी होणार, हे तिथे ठरलेलं असतं. म्हणून भोवती पाच-सहा मजली इमारतीएवढा डिटेक्टर उभा करता येतो. आकाश आपल्याला वेळापत्रक देत नाही.

म्हणून आकाश कुचकामी ठरलं का? उलट या शास्त्राचं सुरुवातीचं घर आकाशावरच चाललं. 1912 मध्ये व्हिक्टर हेस फुग्यात बसून पाच किलोमीटरवर गेला आणि किरणोत्सार फक्त खाली जमिनीतून येत नाही, वरूनही येतो, हे त्यानं दाखवलं. 1932 ला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण), त्यानंतर चार-पाच वर्षांत म्युऑन, 1947 ला पायॉन, सगळे वैश्विक किरणांतच, म्हणजे या वरून येणाऱ्या माऱ्यातच, सापडले. मोठे अॅक्सिलरेटर आले ते नंतर. होमी भाभांनी 1937 मध्ये वॉल्टर हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्या कणांच्या सड्याचं गणित मांडलं. बिभा चौधरी आणि डी. एम. बोस यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवून कणांचे माग शोधले. 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटर खोल, टीआयएफआरच्या, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो, सहसा कशालाही न अडता आरपार जाणारे कण, टिपले. जगात हे पहिल्यांदा पाहणाऱ्या दोन गटांपैकी तो एक. खाण आता बंद आहे.

आकाश जे दाखवतं ते यंत्र कधीच दाखवू शकणार नाही, याचं एक उदाहरण अगदी आपल्या डोक्यावरचं आहे. अक्षरशः.

9 ऑक्टोबर 2022. रविवार, कोजागिरी. मी सुट्टीवर अमळनेरकडे घरी होतो, कारण आमच्या जातीच्या दुर्बिणी पौर्णिमेला बंदच असतात. गॅमा किरण हवेत शिरला की निळ्या उजेडाची अब्जांश सेकंदाची झुळूक उठते, ती पकडायला अंधार लागतो, आणि चांदण्यात ती बुडून जाते. तर त्या संध्याकाळी गच्चीवर दूध आटत होतं, चंद्र पूर्वेला थोडा वर आला होता. पावणेसात वाजून दोन मिनिटांनी फर्मी उपग्रहाच्या यंत्रात एक गॅमा-किरण स्फोट नोंदला गेला. पुढच्या चार-पाच मिनिटांत त्यानं इतकी उसळी घेतली की उपग्रहावरचे काही डिटेक्टर मोजायचेच थांबले, त्यांना पेलवेना. 190 कोटी वर्षं प्रवास करून आलेला तो झोत. आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी. असला दहा हजार वर्षांतून एखादा, असा नंतर लोकांनी अंदाज बांधला.

दुसऱ्या दिवशी त्याची आकाशातली जागा जाहीर झाली: शर तारकासमूह, श्रवण आणि अभिजित यांच्या मधल्या पट्ट्यात. मी कागद घेतला, त्या वेळचा नाक्षत्रकाळ काढला, जळगावचे अक्षांश-रेखांश घातले. उत्तर आलं, खस्वस्तिकापासून, म्हणजे नेमक्या डोक्यावरच्या बिंदूपासून, पाच अंशांच्याही आत. म्हणजे तो झोत आला तेव्हा खान्देश बरोबर त्याच्याखाली होता. उत्तरेला अभिजित, दक्षिणेला श्रवण, आणि मधे, नेमका डोक्यावर, तो. खाली आम्ही दुधात चारोळी घालत होतो. दिसलं काहीच नाही, दिसणारही नव्हतं, कारण गॅमा किरण हवेत वरच शोषले जातात. पण वरच्या आयनांबराला, म्हणजे हवेच्या विद्युतभारित थराला, त्यानं काही तास हलवलं, आणि भारतात विजांची नोंद घेणाऱ्या यंत्रांनाही त्याचा धक्का जाणवला. मी तीस वर्षं असल्या गोष्टींच्या मागे देशभर हिंडलो आणि सगळ्यांत मोठी माझ्या घरावरून गेली तेव्हा मी चमचा ढवळत होतो. बायको अजून चिडवते.

ज्यांचं यंत्र चांदण्याला जुमानत नाही त्यांना मात्र घबाड मिळालं. चीनमध्ये 4,400 मीटर उंचीवर 'लासो' नावाची वेधशाळा आहे. तिचा एक भाग म्हणजे छप्पर घातलेलं पाण्याचं तळं, क्षेत्रफळ 78,000 चौरस मीटर. एकोणीस एकरांचं शेततळं समज. वरून येणारा सडा त्या पाण्यात मोजला जातो, दिवसा काय नि रात्री काय. पहिल्या पन्नास मिनिटांत तिथे 60,000 हून जास्त गॅमा किरण नोंदले गेले, काही 10 टीईव्हीच्याही वर. एवढ्या ऊर्जेचे गॅमा किरण वाटेतल्या अवरक्त प्रकाशाशी टकरून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत संपून जायला हवेत. सुरुवातीला 18 टीईव्हीचा आकडा फिरत होता, तेव्हा "अॅक्सिऑनसारखा नवा कण असणार" म्हणून शोधनिबंधांचा पाऊस पडला. बारकाईनं मोजल्यावर आकडा 13 च्या आसपास उतरला आणि नव्या कणाची निकड बरीच कमी झाली. पण जास्त ऊर्जेचा आणि कमी ऊर्जेचा प्रकाश इतक्या लांबून जवळजवळ एकदमच पोचला, यावरून प्रकाशाचा वेग ऊर्जेवर अवलंबून नसतो याची फार कडक परीक्षा झाली. ही परीक्षा बोगद्यात होत नाही. तिला 190 कोटी वर्षांची धाव लागते.

न्यूट्रिनोंचंही तसंच. दक्षिण ध्रुवावर बर्फात एक घन किलोमीटरभर पसरलेला 'आइसक्यूब' आहे, 5,160 डोळ्यांचा. 22 सप्टेंबर 2017 ला त्यानं एक न्यूट्रिनो पकडला, मग त्या दिशेला दुर्बिणी वळवल्या तर तिथे एक ब्लेझर, म्हणजे आपल्याकडे झोत रोखलेली दूरची दीर्घिका, भडकलेला दिसला. 13 फेब्रुवारी 2023 ला सिसिलीजवळ समुद्रात साडेतीन किलोमीटर खोल, अजून अर्धवट बांधून झालेल्या 'केएमथ्रीनेट'ला 220 पीईव्हीच्या, म्हणजे दोन लाख वीस हजार टीईव्हीच्या, अंदाजाचा न्यूट्रिनो भेटला, आधीच्या कुठल्याही न्यूट्रिनोहून कितीतरी मोठा. निबंध आला 2025 च्या फेब्रुवारीत. मला त्यात एक गोष्ट खटकते: आइसक्यूब त्याहून मोठा, कितीतरी वर्षं चालू, आणि त्याला एवढा एकही दिसलेला नाही. नशीबही असू शकतं. एकाच घटनेवर माळा गुंफू नयेत, दुसरा येईपर्यंत थांबावं, असं माझं मत.

आता आकाश आणि बोगदा यांची गाठ कुठे पडते ते सांगतो, कारण माझ्या लेखी सध्याचं खरं काम तिथे आहे. ओजे वेधशाळेत आणि इतरत्र एक कोडं बरीच वर्षं पडून आहे. मोठ्या सड्यांत जमिनीवर जेवढे म्युऑन मिळतात, तेवढे आमच्या संगणकी हिशोबात येत नाहीत. पत्रावळी जास्त, पाहुणे कमी. म्हणजे हवेतल्या टकरीचं आमचं गणित कुठेतरी तोकडं पडतंय. हवा म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन. एलएचसीत एरवी प्रोटॉनवर प्रोटॉन नाही तर शिशावर शिसं आदळवतात. 2025 च्या जुलैत पहिल्यांदा तिथे प्रोटॉनवर ऑक्सिजन आदळवला. आकाशात जी टक्कर अंधारात, पत्ता न देता होते, तीच उजेडात आणून कॅमेऱ्यासमोर केली. त्याचे निकाल आकाशवाल्यांना बांधून घालतील, कसे ते हळूहळू कळेल. हा प्रयोग हिग्जइतका गाजला नाही. मला तो जास्त आवडला.

2008 ची एक आठवण. एलएचसी 10 सप्टेंबरला सुरू होणार होतं आणि टीव्हीवर "पृथ्वी कृष्णविवरात जाणार" चाललं होतं. गावाहून चुलत्यांचा फोन: "आते काय व्हई रे भो?" मी त्यांना हेच सांगितलं की काका, असल्या टकरी साडेचार अब्ज वर्षं आपल्या डोक्यावर होतायत, अजून गाव जागेवर आहे. नऊ दिवसांनी यंत्रच बिघडलं. चुंबकांमधल्या एका सदोष जोडामुळे हेलियम फुटून बाहेर आला, पन्नासेक चुंबकांची वाट लागली आणि टकरी वर्षाहून जास्त लांबल्या.

जोडावरून आठवलं. या धंद्यात भलेभले शोध जोडावरच मरतात. 2011 मध्ये 'ऑपेरा' प्रयोगाला जिनिव्हाहून इटलीत 730 किलोमीटर आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचलेले दिसले. जगभर आइनस्टाइन चुकल्याच्या बातम्या. काही महिन्यांनी कळलं, एका फायबर केबलचं टोक नीट बसलेलं नव्हतं. शेतातल्या मोटरीची वायर सैल असली की स्टार्टर कसा अंगात आल्यासारखा करतो, तेच, फक्त नॅनोसेकंदात.

माझीही एक सांगतो. धुळ्याकडच्या एका महाविद्यालयात मुलांना मी म्युऑन मोजायला दोन पाट्या जोडून दिल्या होत्या. पाटी म्हणजे सिंटिलेटर प्लास्टिकचा फूटभर चौरस तुकडा. कण आरपार गेला की त्यात अगदी मंद चमक उठते. पाटी पांढऱ्या कागदात, वर काळ्या कागदात, वर काळ्या टेपमध्ये गुंडाळायची, कोपऱ्यात उजेड टिपणारा सेन्सर. एकीवर फूटभर अंतरानं दुसरी. दोन्हींत एकदम चमक उठली तरच कण मोजायचा. मे महिना होता, वर्गात पंखा गरम हवा फिरवत होता. तिसऱ्या दिवशी मुलांचा फोन: सर, रोज पाच वाजता आकडा दुप्पट होतो आणि साडेसहाला खाली येतो. एकानं वहीत लिहिलंही होतं, 'सूर्याकडून म्युऑन?' खोटं कशाला बोलू, दोन दिवस मीही त्या प्रश्नचिन्हाकडे जरा आशेनं पाहिलं. मग एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि आकडा चढलाच नाही. खोलीला पश्चिमेची खिडकी. उन्हानं टेपचा डिंक वितळून वरच्या पाटीचा एक कोपरा नखभर उघडा पडला होता, आणि पाच वाजता तिरपं ऊन बरोबर त्याच्यावर यायचं. त्या उजेडानं एका पाटीत खोट्या चमकांचा पूर यायचा, त्यातल्या काही दुसरीतल्या चमकांशी योगायोगानं जुळायच्या. शिपायानं घरून गोधडी आणून वर टाकली. आकडा जागेवर.

त्या वहीमुळे मला पुढच्या बातम्या वाचायला मदत झाली. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेनं म्युऑनचा चुंबकी भोवरा किती डोलतो याचं मोजमाप जाहीर केलं. सिद्धांताशी फरक 4.2 सिग्मा, म्हणजे अनिश्चिततेच्या चार पटींहून जास्त, "नवं भौतिकशास्त्र आलं" असा गजर. जून 2025 मध्ये त्यांचा शेवटचा निकाल आला, एक अब्जात 127 भाग इतका अचूक. मोजमाप पक्कं निघालं, हललं ते सिद्धांताचं गणित. क्वार्कांचा (प्रोटॉनच्या आतल्या कणांचा) वाटा संगणकावर नव्या पद्धतीनं काढला आणि तफावत बहुतेक विरली. डब्ल्यू बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान उलट्या बाजूनं गेलं. 2022 मध्ये फर्मीलॅबच्याच सीडीएफ गटानं 80,433 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) सांगितलं, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त, अनिश्चितता फक्त नऊ. 2024 मध्ये एलएचसीवरच्या सीएमएस गटानं तेवढ्याच बारकाईनं मोजलं, 80,360, प्रमाण सिद्धांताला धरून. सीडीएफनं कुठे गोधडी टाकायची राहिली हे कुणी दाखवलेलं नाही, म्हणून ते मोजमाप फेटाळताही येत नाही. पण पैज लावायची तर मी सीएमएसवर लावेन.

आता तुझा दुसरा प्रश्न. देशातली मोठी यंत्रं आधी माहीत करून घे. उटीला ग्रेप्स-3 आहे: चारशेच्या आसपास डिटेक्टर आणि 560 चौरस मीटरचं म्युऑन मोजणी यंत्र. त्यांनी 1 डिसेंबर 2014 च्या वादळी ढगात 1.3 अब्ज व्होल्टचा विद्युतदाब म्युऑनच्या घटीवरून मोजला, ढगात काहीही न पाठवता. लडाखमध्ये हानले इथे 4,300 मीटरवर 'मेस' दुर्बीण आहे, तबकडी 21 मीटर, 2024 च्या ऑक्टोबरात तिचं उद्घाटन झालं. आपल्या सातपुड्याच्या पूर्वेकडे पचमढीला टीआयएफआरच्या 25 दुर्बिणींचा समूह होता, माझ्या पिढीतले बरेच जण तिथे थंडीत कुडकुडत शिकले. आणि एलएचसीच्या डिटेक्टरांतही भारतात बनलेले भाग आहेत. म्हणजे एम.एस्सी.नंतर जायला जागा आहेत. त्याआधी दोन गोष्टी शिक: संख्याशास्त्र आणि पायथॉन. या दोन्हींना ऑसिलोस्कोप लागत नाही. सर्नचा खराखुरा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, त्यातून डब्ल्यूचा, झेड कणाचा, अगदी हिग्जचाही आलेखातला उंचवटा लॅपटॉपवर काढता येतो.

हातानं काही करायचं असेल तर वर सांगितलेल्या दोन पाट्याच. सिंटिलेटरचे तुकडे एखाद्या संशोधन संस्थेकडे मागितले तर मिळू शकतात, सेन्सर म्हणून सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर घे, मोजणीला साधा मायक्रोकंट्रोलर पुरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो सेन्सर त्रास देतो. तापमान वाढलं की त्याची संवेदनशीलता घसरते आणि खोट्या चमका वाढतात, म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहायचंच. हवेचा दाबही लिही, दाब वाढला की म्युऑन जरासे घटतात. फूटभराच्या दोन पाट्या फूटभर अंतरावर ठेवल्या तर मिनिटाला दोनशेच्या आसपास आकडा यावा. तासाला 12,000. त्याचं वर्गमूळ 110, म्हणजे तासाभराच्या मोजणीत एक टक्क्याची अनिश्चितता. दाबाचा परिणाम पाहायचा तर ती पुरत नाही, दिवसभर मोजावं लागेल.

आधी एक गंमत करून बघ. एकट्या पाटीवर कोपऱ्यात केळीचा घड ठेव. केळ्यातल्या पोटॅशियमचा एक छोटा हिस्सा किरणोत्सारी असतो, एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू मोडतात. अख्ख्या घडात हजार-दीड हजार. त्यातल्या लाखात एखाद्या मोडीतून पॉझिट्रॉन निघतो, म्हणजे यावल-रावेरच्या भरलेल्या घडातून मिनिटाला साधारण एक प्रतिकण. तो घडातच जिरतो. तुझ्या पाटीला बहुतेक काहीच फरक दिसणार नाही, कारण भिंतींचा, जमिनीचा आणि तुझा स्वतःचा किरणोत्सार त्याहून वरचढ आहे. माणसाच्या अंगातलं पोटॅशियमच सेकंदाला चार हजारांवर मोडी देतं. 'काहीच दिसलं नाही' हे वहीत नीट, आकड्यांसकट लिहायला शिकण्यासाठी हा प्रयोग. धुळ्याच्या त्या महाविद्यालयातल्या एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पाटीवर पंजा ठेवून विचारलं होतं, "हाई मना हातम्हाईन जास का?" हो बाबा, सेकंदाला एखाद-दुसरा. त्यांनी बराच वेळ हात तसाच ठेवला.

मग खरा प्रयोग. म्युऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो. प्रकाशाच्या वेगानं हजार मीटर यायला त्याला 3.3 मायक्रोसेकंद लागतात. घड्याळं सगळ्यांची सारखीच चालत असती तर वरून निघालेल्या शंभरातले बावीसच खाली पोचले असते. 1963 मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या एका डोंगरावर ठराविक वेगाचे म्युऑन मोजले. सुमारे 1,900 मीटरवर तासाला 560 च्या आसपास, समुद्रसपाटीला 410 च्या आसपास. जुन्या हिशोबानं खाली तीससुद्धा यायला नको होते. वेगात असलेल्या म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीनं सावकाश चालतं, म्हणून ते पोचतात.

तुझ्याकडे डोंगर आहे. शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढलीस की साधारण हजार मीटर. आकडा वर जास्त यायला हवा, माझ्या अंदाजानं दहा-पंधरा टक्के. हा फरक सगळा म्युऑन मरण्याचा नसतो, काही हवेत अडकतात, ते अहवालात वेगळं लिही. पाट्यांमधलं अंतर गाडीत हललं तर सगळं फुकट, म्हणून चौकट सागवानाची कर आणि स्क्रूनं आवळ, खिळे नकोत. टेपचे कोपरे दोनदा बघ. खाली शहाद्याला तासभर मोज, वर यशवंत तलावाजवळ तासभर, आणि उतरताना पुन्हा शहाद्याला त्याच जागी तासभर. तिसऱ्या मोजणीच्या वेळी सगळ्यांना भूक लागलेली असेल, गाडीवाला घाई करेल, तरी ती कर. ती पहिलीशी जुळली नाही, तर वरचा आकडा कितीही सुंदर आला असला तरी कुणाला सांगू नकोस. जुळली, तर तिन्ही आकडे मला लिहून पाठव.